आंबोलीच्या पाचोळ्यातला हा पतंग कोणता? (फोटो आहेत)

पानगळ

गणपती आटोपल्यावर आंबोलीला जाऊन आलो. मुक्काम होता त्या घराच्या परसात फणसाचा आणि जांभळीचा ओला पाचोळा साचला होता आणि घरच्या काकू तो खराट्याने ओढत होत्या. खराटा लागल्याबरोबर त्यातलं एक पान उठलं, आतून झगझगीत नारिंगी दिसलं, हातभर उडून पायरीच्या कडेला टेकलं आणि परत पान झालं. काकूंना त्यात काही विशेष वाटलं नाही. "पाकोळी आसा ती," म्हणाल्या आणि खराटा पुढे.

अंगाने दणकट. पंख मिटून बसल्यावर लांबी पाचेक सेंटिमीटर. वरचा रंग सुकल्या पानाचा, पण एकसारखा नाही: तपकिरीत जांभळट झाक, मध्येच शेवाळी शिंतोडे, एक फिकट त्रिकोणी डाग. पंखावरून एक तिरपी रेघ जाते, ती डोळ्यांना पानाची मधली शीरच वाटते. तोंडापुढे टोकदार काहीतरी आलेलं आहे. नारिंगी रंग फक्त उडताना. बसल्यावर औषधालाही सापडत नाही.

फोटो १ वरून, फोटो २ बाजूने, फोटो ३ उडतानाचा, हललेला आहे. फुलपाखरं थोडीफार ओळखता येतात, पतंगांच्या वाटेला कधी गेले नाही. जाणकारांनी नाव सांगावं, आणि नुसतं नाव नको, कशावरून ओळखलं तेही सांगावं.

गच्चीबाग

ब्लू ओकलीफ! मिटलं की सुकं पान, उघडलं की रंग. सह्याद्रीत आहेच ते.

निशाचर

ओकलीफ नाही. ते फुलपाखरू पंख पाठीवर उभे जोडून बसतं, त्यामुळे पानही उभं दिसतं. आणि आपल्याकडचं ओकलीफ उघडल्यावर निळं असतं. नारिंगी पट्टा हिमालयातल्या त्याच्या भाऊबंदाला. फोटो २ मध्ये पंख दोन्ही अंगांना उतरते आहेत. मिशाही बघा: फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, इथे ती शेवटपर्यंत निमुळती होत गेली आहे. पतंगच.

पानगळ, फोटो ३ ची मूळ फाइल टाकता का? मागच्या पंखावर काहीतरी काळं दिसतंय, ओळख तिथेच ठरेल. पुढच्या पंखावर विसंबू नका, त्याचं कामच फसवायचं आहे.

सागवान

चंद्रपूरकडून. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर सागाची पानं फस्त करणारी अळी येते, तिचा पतंगही असाच. पुढचे पंख मातकट, मागचे काळे-नारिंगी. हायब्लिया प्युएरा. तो तर नाही ना?

निशाचर

@सागवान, रंगांची वाटणी तीच आहे, त्यामुळे शंका रास्त. पण हायब्लिया पंख पसरून साडेतीन-चार सेंटिमीटरचा. हा बसलेलाच पाच सेंटिमीटर आहे, म्हणजे पंख पसरल्यावर आठ-नऊच्या घरात जाणार.

पानगळ

मूळ फाइल टाकली आहे. मोठी करून पाहिली. मागचा पंख नारिंगी-पिवळा, बाहेरच्या कडेने जाड काळा पट्टा, त्या कडेवर बारीक पांढरे ठिपके. आणि आत एक काळा, वळलेला डाग, कोयरीच्या आकाराचा.

निशाचर

मग झालं काम. युडोसिमा फॅलोनिया, आणि बहुधा मादी.

कशावरून, ते क्रमाने सांगतो. या गटातले आपल्याकडे सहज दिसणारे दोन पतंग म्हणजे फॅलोनिया आणि मॅटर्ना. दोघांचेही मागचे पंख नारिंगी, दोघांनाही काळी कड. मॅटर्नाच्या मागच्या पंखाच्या मध्यावर सुटा, गोल काळा ठिपका असतो. फॅलोनियाचा डाग मोठा आणि वळलेला. तुम्ही कोयरी म्हणालात तिथेच मॅटर्ना बाद झाला. मादी एवढ्यासाठी की फॅलोनियाचा नर वरून बराचसा सपाट तपकिरी-जांभळट असतो. ही चितारणी, शेवाळी शिंतोडे, फिकट त्रिकोण, हे मादीचं लेणं. तोंडापुढे जे टोकदार आलंय ते ओठांचे स्पर्शक, दोन बाजूंनी एक-एक.

जुनी पुस्तकं चाळलीत तर हाच पतंग ओफिडेरिस किंवा ओथ्रेइस या नावाखाली सापडेल आणि जातीचं नाव फुलोनिया किंवा फुलोनिका असं दिसेल. लिनिअसने १७६३ साली त्याचं वर्णन केलं, त्यानंतर नाव बऱ्याच वेळा फिरलं. कुळही बदललं. पूर्वी नॉक्ट्युइडीमध्ये होता, आता एरेबिडीमध्ये आहे. नेटवर शोधताना जुनी नावंही टाकून बघा, नाहीतर अर्धी माहिती हाती लागणार नाही.

आता सोंगाबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न मला तोच वाटतो. नुसता रंग जुळवून भागत नाही. पक्षी दिवसभर पानं उलटत असतो, त्याला तपकिरी रंगाचं काय कौतुक? त्याची नजर शोधते ती कडेची रेषा, दोन्ही बाजू सारख्या असलेला आकार. या पतंगाच्या पुढच्या पंखाची मागची कड सरळ नाही, ती आत वळून पुन्हा बाहेर येते. त्यामुळे बसल्यावर पतंगाची ओळखीची बाह्यरेषा मोडते. तिरपी रेघ शीर बनते. शेवाळी शिंतोड्यांनी पान थोडं कुजल्यागत होतं. आणि एकाचा नमुना दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, हे फार कामाचं आहे. एक सापडला म्हणून पक्ष्याला दुसरा कसा दिसेल याचा अंदाज बांधता येत नाही.

एवढं करूनही कोणी गाठलंच, तर नारिंगी. अचानक रंग उघडतो, पक्षी क्षणभर दचकतो, पतंग उडतो. पक्षी आता नारिंगी काहीतरी शोधतोय आणि पतंग तर पंख मिटून बसलाय. काकूंच्या खराट्यापुढे नेमकं हेच झालं.

टॉर्चवाला

फार छान समजावलंत. थोडी भर घालतो. हे पतंग चादर लावून दिव्याखाली वाट पाहणाऱ्यांना फारसे मिळत नाहीत, दिव्याची त्यांना तेवढी ओढ नाही. त्यापेक्षा पिकल्या फळाचा माग काढा. रात्री पेरूच्या किंवा चिकूच्या झाडाखाली बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून हळू फिरवली की लालसर ठिणगीगत डोळे चमकतात.

आणि एक गंमत. पतंग उडत असताना किल्ल्यांचा जुडगा जोरात खुळखुळवून बघा. या गटातल्या पतंगांना छातीच्या मागच्या भागावर कान असतात आणि ते वटवाघळाचा आवाज ऐकण्यासाठी आहेत. किल्ल्यांच्या खणखणाटात आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वर असतात. पुष्कळदा पतंग वाट बदलतो किंवा सरळ खाली पडतो. पोरांना दाखवायला उत्तम, फक्त शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

संत्राबाग

राजेहो, तुम्ही फोटो काढून राहिले अन् आम्ही फळं उचलून राहिलो.

वरुड तालुका. तुमची ही आंबोलीची पाहुणी म्हणजे आमच्या संत्र्याच्या आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या पिकाची) वैरीण. आमच्याकडे नुसतं "पाखरू" म्हणतात, कृषीवाले "रस शोषणारा पतंग" म्हणतात. आंबियाची फळं पोळा झाला की रंगावर यायला लागतात अन् तेव्हाच हे येतं. सकाळी बागेत गेलं की झाडाखाली सडा. फळ हातात घेतलं तर वरून एकदम चांगलं, फक्त टाचणीएवढं भोक. बोटाने दाबलं की त्या भोकातून रस येते, आंबूस वास मारते. सोललं तर तेवढ्या जागची फोड कोरडी, पोकळ. भोकाभोवती पिवळट-तपकिरी गोल पडतो, दोन-चार दिवसांत फळ खाली. व्यापारी असं एक फळ दिसलं तरी अख्ख्या ढिगाचा भाव पाडते.

ज्याले ओळखायचं आहे त्याच्यासाठी सांगतो: फळमाशी लागलेल्या फळात अळ्या सापडतात. पाखरानं चोखलेल्या ताज्या फळात अळी नसते, नुसतं भोक.

कृषी केंद्रवाला दरवर्षी नवीन बाटली हातात देते. दोन फवारण्या, तीन फवारण्या. पैसे गेले, पाखरू तिथंच.

खरीपरब्बी

फवारणी वेळेवर आणि योग्य औषधाची झाली तर कीड जाणार नाही असं कसं? दिवसा मारली असेल. हे निशाचर आहे ना, संध्याकाळी मारा.

किडामुंगी

मी कृषी कीटकशास्त्र शिकतेय, अकोल्याला. @खरीपरब्बी, इथे फवारणीची वेळ हा मुद्दाच नाही, पत्ताच चुकलाय.

बहुतेक फळकिडींची अळी नुकसान करते आणि ती त्याच झाडावर राहते, म्हणून झाडावर औषध मारून उपयोग होतो. युडोसिमाचं उलटं आहे. अळी संत्र्याच्या पानाला तोंड लावत नाही. मादी अंडी घालते गुळवेलीवर, वासनवेलीवर, पहाडवेलीवर, कोकणाकडे काकमारीवर. ही सगळी एकाच कुळातली, मेनिस्पर्मेसी. अळी तिथे वाढते, तिथेच पानं रेशमाने शिवून आत कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंत सगळं साधारण महिनाभरात उरकतं. तेव्हा पावसाळ्यात वेली फोफावल्या की पिढीमागून पिढी निघते आणि नेमक्या त्याच सुमाराला आंबियाची फळं गोड व्हायला लागतात.

बागेत येतो तो तयार पतंग, बाहेरून, अंधार पडल्यावर. पहिल्या काही तासांत वर्दळ जास्त. पोट भरलं की परत झाडोऱ्यात. तुम्ही औषध मारता ते पानावर आणि सालीवर, आणि तो पितो सालीच्या आतला रस. त्याच्या पोटात औषध जाणार कसं? वर काढणी तोंडावर आलेली, म्हणजे तेच औषध गिऱ्हाइकाच्या घरी. शिवाय उद्याची रात्र उजाडली की नवे पतंग हजर, त्यांना कालच्या फवारणीशी काही देणंघेणं नाही.

आता सोंडेबद्दल सांगते, कारण ती एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि मी या पतंगाच्या प्रेमात पडले (@संत्राबाग, माफ करा). साध्या पतंगाची सोंड मऊ असते, फुलातला रस ओढण्यापुरती. हिचं टोक कडक आणि टोकदार, बाजूंना काटे आणि मागे वळलेले आकडे. सोंड दोन अर्ध्या नळ्या जोडून बनलेली असते. साल फोडताना हे दोन अर्ध आळीपाळीने एकमेकांवरून पुढे-मागे सरकतात. एक रुततो, आकडे धरून ठेवतात, तेवढ्यात दुसरा पुढे जातो. करवतीचं आणि सुईचं काम एकाच हत्याराने. मोसंबीची जाड साल तिला काहीच नाही. डाळिंबही फोडते.

आणि भोक एकदा पडलं की पाहुणे जमतात. एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग घ्या, त्याला स्वतःला अशी साल फोडता येत नाही, तो पाडलेल्या भोकावर येऊन पितो. मग बुरशी, जिवाणू, माश्या. म्हणून बागेत रात्री बॅटरी घेऊन गेलात तर फळांवर सात-आठ जातींचे पतंग दिसतील, पण त्यातले खरे गुन्हेगार थोडे. मारायचेच असतील तर निदान ओळखून मारा.

पानगळ

मी नाव विचारायला आले होते आणि इथे केवढं उघडलं! @किडामुंगी, मग ज्या बागेत पतंग येतात तिच्या मालकाने नेमकं करायचं काय?

संत्राबाग

धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, वासनवेल अन् गुळवेल काढून टाका म्हणतात. दरवर्षी काढतो. धुरा संपला की शेजाऱ्याचं पडीक, त्यापलीकडे नाला, नाल्यापलीकडे सातपुड्याचं जंगल. आता जंगलातली वेल काढायले मी जाऊ का?

वैद्यबुवा

गुळवेलीवर कोयता चालवण्याआधी थोडं थांबा. करोनाच्या काळात हीच वेल शोधत लोक रानोमाळ हिंडत होते. कुंड्यांत लावली, सोसायटीच्या कुंपणावर चढवली, काढे करून प्यायले. आता तीच कीड पोसणारी झाली? कडुनिंबावर चढलेली जुनी गुळवेल आमच्यासाठी सोनं आहे. एका पतंगापायी ती तोडायला सांगणारं शास्त्र मला पटत नाही.

किडामुंगी

वैद्यबुवा, सरसकट तोडा असं कोणीच म्हणत नाही. शिफारस आहे ती बागेच्या लगतच्या वेलींपुरती. कडुनिंबावरची जुनी जाड वेल राहू द्या, हवं तर तिची पानं पावसाळ्यात आठवड्याने तपासा आणि अळ्या वेचा. बांधावर दरवर्षी नव्याने उगवणारी वासनवेल मात्र काढलेली बरी, विदर्भात अळ्या मला तिच्यावरच जास्त दिसल्या आहेत.

@संत्राबाग, जंगलातली वेल काढू नका, ती काढून संपणारही नाही. पतंग चांगला उडतो, लांबून येतो, तेव्हा धुरा साफ केला म्हणजे पाखरू बंद होईल अशी अपेक्षा ठेवू नका. घराशेजारची पैदास कमी होते एवढंच. खरा फरक पडतो तो बागेच्या आत. गळलेली फळं रोज उचलून खोल पुरा, कारण आंबलेल्या फळाच्या वासावर पुढचे येतात. रंगावर फळ आलं की संध्याकाळी बागेत जागोजागी ओला पालापाचोळा पेटवून धूर ठेवा, म्हणजे पिकल्या फळाचा वास दबतो. गूळ आणि फळाच्या रसात कीटकनाशक मिसळून आमिष ठेवतात, पण ते गुरा-कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी, आणि प्रमाण कृषी विद्यापीठाच्या माणसाला विचारूनच.

गच्चीबाग

थांबा थांबा. वैद्यबुवांनी करोनाचं नाव काढलं आणि मी गच्चीवर जाऊन आले. माझी गुळवेल त्याच वेळची. पानं खाल्लेली दिसत होती, मी गोगलगायींवर आळ घेत होते. हे बघा काय निघालं. फोटो टाकतेय.

काळी मखमली अळी, बोटाएवढी. दोन्ही कुशींना मोठे डोळे काढल्यागत गोल, पिवळी कड, आत निळसर पांढरं. काडी लावली तर डोकं पोटाशी घेतलं, पाठ वर काढली, शेपूट हवेत. मागे सरकले मी. विषारी आहे का? हात लागला तर अंगावर उठतं का?

निशाचर

अभिनंदन, तुमच्याकडे युडोसिमाचं बालवाडी वर्ग भरलाय.

विषारी नाही, केस नाहीत, अंगावर उठत नाही. ते डोळे डोळे नाहीत. पोटाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वळ्यावरच्या खुणा आहेत, खरं डोकं खाली लपवलंय. छोट्या पक्ष्याला समोर अचानक मोठ्या डोळ्यांचं काहीतरी दिसावं एवढाच हेतू. सगळ्या काळ्या नसतात, हिरवट आणि तपकिरीही मिळतील. चालताना बघा, पुढच्या पोटपायांची जोडी तोकडी असल्याने ती जरा कमान करत चालते.

जात अळीवरून पक्की सांगणार नाही, फॅलोनिया आणि मॅटर्ना दोन्ही गुळवेलीवर येतात. पतंग निघू द्या. जाळी लावलेल्या डब्यात ठेवा, रोज ताजी पानं, ओलावा साचू देऊ नका. कोषाला वेळ झाली की ती दोन पानं जवळ ओढून शिवून घेईल, त्यानंतर डबा हलवू नका. आणि पतंग निघाल्यावर पंख ताणायला उभी काडी हवी, नाहीतर पंख चुरगळलेलेच सुकतात.

वैद्यबुवा

म्हणजे आता गुळवेल अळीला द्यायची. चालू द्या.

ब्रिस्बेनकर

क्वीन्सलंडहून लिहितोय. हा पतंग इथेही आहे आणि इथल्या संत्री-लिचीवाल्यांचीही तीच बोंब. अळी इथे त्याच कुळातल्या रानवेलींवर असते. पण पॅसिफिकमधल्या बेटांवर वेगळंच घडलंय. तिथे फॅलोनियाची अळी पांगाऱ्याच्या जातकुळीतल्या झाडांवर वाढते. झाड मोठं, पानं भरपूर, त्यामुळे पतंगांची संख्याही तशीच. सामोआसारख्या बेटांवर मग पापुआ न्यू गिनीहून बारीक परजीवी गांधीलमाश्या नेऊन सोडल्या. त्या पतंगाच्या अंड्यात आपली अंडी घालतात.

पानगळ

पांगारा! आमच्या सोसायटीत आहे, त्यावर अळ्या दिसतात कधीकधी. त्या याच का?

किडामुंगी

भारतात युडोसिमा पांगाऱ्यावर वाढल्याचं मी पाहिलेलं नाही. आपल्याकडे पांगाऱ्यावर इतर बऱ्याच जणांचं जेवण असतं. फोटो टाका, वेगळा धागा काढा.

टॉर्चवाला

थोडं अवांतर. या पतंगांचे जवळचे नातेवाईक कॅलिप्ट्रा, तेही सुक्या पानाचं सोंग घेणारे, तेही सोंडेने फळ फोडणारे. त्यातल्या काही जातींचे नर संधी मिळाली तर गुरांचं, हरणांचं, क्वचित माणसाचंही रक्त पितात. मलेशियात १९६० च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ हान्स बँझिगर यांनी हे पहिल्यांदा नीट पाहिलं. हत्यार तेच, फक्त सालीच्या जागी कातडं. माद्या मात्र फळांवरच. डासांत बरोबर उलट, तिथे मादी रक्तावर.

खरीपरब्बी

म्हणजे आता गोठ्यातही जाळी मारायची का? 😄

टॉर्चवाला

नको. गोठ्यात डास आणि गोचीड आहेत तोवर कॅलिप्ट्राचा नंबर लागत नाही.

सागवान

एक विचारतो. आंबोलीच्या रानात हाच पतंग एवढ्या संख्येने असेल तर तिथल्या फळांचं काय? तिथे कोणी तक्रार करत नाही ती का?

निशाचर

रानात फळ एकाच वेळी, एकाच जागी, एकाच जातीचं हजारोंनी पिकत नाही. एक उंबर इथे, एक जांभूळ तिथे, करवंदं उन्हाळ्यात, मग दुसरं काही. पतंगाला हिंडावं लागतं, हिंडताना वटवाघूळ गाठतं, अळीला पक्षी आणि गांधीलमाश्या गाठतात. संत्र्याच्या बागेत शेकडो झाडं एकदम रंगावर येतात आणि वास मैलभर जातो. पतंग तोच आहे, मांडलेलं ताट वेगळं. रान तोडत तोडत आपण बागा थेट रानाच्या कुशीत नेल्या, तेव्हा हे व्हायचंच होतं असं माझं मत. @संत्राबाग यांना यातून काडीचा दिलासा मिळत नाही, हेही कळतं.

संत्राबाग

दिलासा राहू द्या. पण आमच्या घरी एवढ्या वर्षांत पाखराले नाव नव्हतं, पोरीनं हा धागा वाचून सकाळी गळलेल्या फळांखालून एक जिवंत पकडलं अन् मागचा पंख उघडून दाखवला. गोल ठिपका. म्हणजे आमच्याकडे तुमची दुसरी, मॅटर्ना.

किडामुंगी

बरोबर, मॅटर्नाच. पण एकावरून ठरवू नका, दोन्ही असतील. जमलं तर रात्री भोकावर बसलेल्यांचे फोटो तारखेसह ठेवा. आणि ते आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदींची वेबसाइट) चढवा, बागेतल्या नोंदी तिथे कमीच असतात, सगळे जंगलात जाऊन फोटो काढतात.

गच्चीबाग

इकडे डब्यात पानं शिवून कोष झाला होता, काल रात्री पतंग निघाला. पंख सुकल्यावर नारिंगी दाखवायला तयारच होईना. शेवटी काडीने पुढचा पंख जरा उचलला. वळलेला डाग! आणि वरून बराच सपाट तपकिरी. म्हणजे फॅलोनिया, नर. बरोबर ना? फोटो टाकलाय.

निशाचर

बरोबर. आता तुम्हीच पुढच्याला ओळखून द्या.

खरीपरब्बी

@गच्चीबाग, सोडलात कुठे? पुण्यात डाळिंबाच्या बागा आहेत हो आसपास.

गच्चीबाग

गच्चीवरच सोडला. खाली सोसायटीत पेरू आहे, आधी तो संपवेल.

ब्रिस्बेनकर

@संत्राबाग, जपानमध्ये बागांत रात्रभर पिवळे दिवे लावतात. तो उजेड पडला की या पतंगांना दिवस असल्यासारखं वाटून ते गप्प बसतात, खायला येत नाहीत. बघा जमतंय का.

संत्राबाग

भाऊ, आमच्याकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रात्री. दिवे लावायचे म्हटलं तर पाखराले आधी वेळापत्रक द्यावं लागन.

पिशव्यांचं विचारलं होतं इथल्या एका डाळिंबवाल्याले. तो फळाफळाले कागदी पिशवी घालते, त्याले परवडते. संत्र्याच्या एका झाडावर हजाराच्या घरात फळं, मजूर आधीच मिळत नाही. तेव्हा यंदा धूरच. कडुनिंबाचा ओला पाला अन् गवत, दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत, चारही धुऱ्यांवर अन् मधात दोन जागी. वारा पडलेला असला तर सडा कमी दिसते, वारा सुटला की धूर शेजाऱ्याच्या घरात अन् पाखरू आमच्या बागेत. गळलेली फळं रोज पुरतो, ते मात्र सोडत नाही.

@किडामुंगी, वासनवेल मुळासकट काढायची की वरून कापली तरी चालते? वरून कापली की पंधरा दिवसांत पुन्हा फुटते.

किडामुंगी

मुळासकट. आणि आत्ता, जमीन ओली आहे तोवर. दिवाळीनंतर तुमच्याकडची काळी माती आवळली की मूळ तुटून आत राहतं आणि पुढच्या मृगात पुन्हा तीच वेल.